अठरा वर्षं आणि दोन दिवस

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी रेआल माद्रिदने लिंडा काईसेदो या कोलंबियाच्या मुलीला करारबद्ध केल्याचं जाहीर केलं. तिची जन्मतारीख २२ फेब्रुवारी २००५. म्हणजे अठरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. मुलीला अठरा पूर्ण होण्याची वाट बघत बसण्याची आपल्याकडची कारणं वेगळी असतात. इथे वाट बघत होता जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एक, आणि त्याला थांबवून धरलं होतं फिफाच्या एका कलमाने.

फुटबॉलमध्ये एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जायचं तर खेळाडूचं वय अठरा पूर्ण हवं. फिफाच्या बदलीविषयक नियमावलीतलं हे एकोणिसावं कलम. त्याला थोडे अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने परदेशी गेले असतील, घर सीमेला लागून असेल, किंवा बदली युरोपीय संघाच्या आतली असेल तर सोळापासून. कोलंबियाच्या मुलीला यातलं काही लागू नव्हतं. नियम आला तो आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून कोवळी पोरं युरोपात नेऊन, नापास झाली की तिथेच वाऱ्यावर सोडून देणाऱ्या दलालांमुळे. गंमत अशी, की याच कलमाच्या भंगाबद्दल खुद्द रेआल माद्रिदवर २०१६ मध्ये कारवाई झाली होती. प्रकरण मुलांच्या संघांचं होतं, आणि नवे खेळाडू घ्यायला क्लबला काही काळ बंदी झाली होती. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पितात. तारखेच्या बाबतीत माद्रिदने पुन्हा धोका पत्करला नसता.

लिंडाच्या कारकिर्दीत हे वयाचं गणित पावलोपावली भेटतं. कुठे ती वयाच्या फार पुढे धावते, कुठे वय तिला अडवतं, आणि एकदा तर बावन्न दिवसांनी तिला वाचवतं. तिच्या गोलांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्या तारखाच जास्त बोलक्या वाटतात.

ती कांदेलारिया तालुक्यातल्या बियागोर्गोना या गावची. नकाशावर काली हे मोठं शहर शोधावं, त्याच्या पूर्वेला हा भाग. काउका नदीचं खोरं, सपाट जमीन आणि नजर जाईल तिथवर ऊस. उसाचा पट्टा आणि फुटबॉलचं वेड हे जोडकाम आपल्याला कोल्हापूरमुळे परकं नाही. तिथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. फरक इतकाच, की कालीच्या आसपासच्या मुलींना, निदान लिंडाच्या पिढीला, वर चढायला एक शिडी दिसू लागली होती. शिडी नवी होती आणि डगमगती होती. कोलंबियात स्त्रियांची व्यावसायिक लीग सुरू झाली तीच २०१७ मध्ये.

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्या लीगमध्ये आमेरिका दे काली या क्लबाकडून लिंडा पहिला सामना खेळली. वय चौदा. त्याच हंगामात क्लबाने विजेतेपद मिळवलं, आणि वर्ष संपायच्या आत ती कोलंबियाच्या मुख्य राष्ट्रीय संघाकडूनही खेळून झाली होती. आठवी-नववीतल्या मुलीने पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या खांद्याला खांदा भिडवायचा, हे ऐकायला अद्भुत वाटतं, आणि आहेच. पण या अद्भुताची दुसरी बाजूही बघायला हवी. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये चौदा वर्षांच्या गुणी मुलासाठी पायऱ्या असतात: पंधराखालचा संघ, सतराखालचा, राखीव संघ, मग कुठे मुख्य संघ. मुलींसाठी या मधल्या पायऱ्या बहुतेक देशांत नसतातच. गल्लीतल्या मुलांबरोबरचा खेळ आणि राष्ट्रीय लीग यांच्यामध्ये मोठा खड्डा असतो, आणि जिच्यात दम असतो ती तो उडी मारून पार करते. लिंडा इतक्या लवकर वर पोचली याचं अर्धं श्रेय तिच्या पायांना आणि अर्धं त्या रिकाम्या जागेला.

अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये अठराखालच्या मुलींना प्रवेश नव्हता. ऑलिव्हिया मोल्ट्री या पंधरा वर्षांच्या मुलीने २०२१ मध्ये लीगवर खटला भरला, न्यायालयाने तिच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि ती पोर्टलंडकडून खेळू लागली. कोलंबियात कोर्टाची गरजच पडली नाही. तिथे अडवायला कुणी नव्हतं, तसं सांभाळायलाही फारसं कुणी नव्हतं.

कारण ज्या वर्षी लिंडा आली त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, राष्ट्रीय संघातल्या मेलिसा ओर्तिस आणि इसाबेला एचेव्हेरी यांनी चित्रफीत काढून आपल्या महासंघाची लक्तरं वेशीवर टांगली होती. पैसे मिळत नाहीत, आंतरराष्ट्रीय विमानभाडं मिळत नाही, कपडे जुने, आणि तोंड उघडलं की संघातून नाव कापलं जातं, असे त्यांचे आरोप होते. या संघात चौदा वर्षांची मुलगी दाखल होत होती.

मग २०२०. लिंडा पंधरा वर्षांची असताना तिला अंडाशयाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. जग कोरोनाने बंद होतं, त्यामुळे फुटबॉल तसाही थांबलेला होता. तिच्यापुरतं बोलायचं तर जगाने तिच्यासाठी थोडी वाट बघितली असं म्हणता येईल. आपण पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळू असं तेव्हा वाटत नव्हतं, असं तिने पुढे सांगितलं. आणि हेही, की हे सगळं इतक्या लहानपणी झालं हे बरं झालं, कारण सावरायला वेळ मिळाला. पंधराव्या वर्षी झालेल्या कर्करोगाबद्दल 'लवकर झाला ते बरं' म्हणणारी अठरा वर्षांची मुलगी! हे वाचल्यावर मी पुढचं पान उलटण्याआधी जरा थांबलो.

ती बरी होऊन खेळू लागली ती शहरातल्या दुसऱ्या क्लबाकडून, डेपोर्तिवो कालीच्या हिरव्या जर्सीत. आमेरिकाचं लाल सोडून असं हिरव्यात जाणं कालीमध्ये साधं नाही, पण ते असो. २०२१ ची लीग डेपोर्तिवो कालीने जिंकली. सोळाव्या वर्षी दोन वेगवेगळ्या क्लबांकडून दोन विजेतेपदं तिच्या नावावर होती, आणि मध्ये केमोथेरपी.

२०२२ हे वर्ष मात्र नीट उलगडून बघण्यासारखं आहे. जुलैमध्ये कोपा आमेरिका, दक्षिण अमेरिकेची मुख्य स्पर्धा, तीही कोलंबियातच. पहिल्या सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी यजमान संघाच्या मुलींनी मुठी आवळून वर धरल्या. वर्षाच्या उत्तरार्धात देशातली त्यांची लीग होणार नाही असं ठरलं होतं, त्याचा हा निषेध. म्हणजे राष्ट्रीय संघ खंडातल्या पहिल्या दोघांत यायला निघाला होता आणि त्याच मुलींना घरी परतल्यावर खेळायला लीग नव्हती. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध एकमेव गोल लिंडाचा. त्या गोलाने कोलंबियाला २०२३ चा विश्वचषक आणि २०२४ चं ऑलिंपिक, दोन्हींचं तिकीट मिळालं. अंतिम सामना ब्राझीलने १-० असा जिंकला, पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली ती सतरा वर्षांची लिंडा.

३० जुलैला ती फायनल संपली. ऑगस्टमध्ये ती कोस्टा रिकात वीस वर्षांखालच्या विश्वचषकात खेळत होती. आणि ऑक्टोबरमध्ये ती आपल्याकडे आली.

सायन-पनवेल महामार्गाने पुण्याकडे जाताना नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम दिसतं. आपल्या लेखी ते आयपीएलचं मैदान. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे, मडगावच्या फातोर्ड्याला आणि भुवनेश्वरला सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक झाला. तो मुळात २०२० चा, कोरोनाने आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला, आणि शेवटी भारताला २०२२ ची स्पर्धा मिळाली. तीही जाता जाता वाचली. ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून भारतीय महासंघाला निलंबित केलं होतं, आणि दहा-बारा दिवसांनी निलंबन उठलं म्हणून स्पर्धा इथे राहिली.

या स्पर्धेला पात्र ठरायचं तर जन्म १ जानेवारी २००५ किंवा नंतरचा हवा. लिंडाचा २२ फेब्रुवारीचा. ते बावन्न दिवस हेच. ती थोडी आधी जन्मली असती तर नेरूळला आलीच नसती. मुख्य संघाची खंडातली सर्वोत्तम खेळाडू तीन महिन्यांनी सतराखालच्या मुलींमध्ये खेळते, हे दहावी पास झालेल्याने पुन्हा सातवीच्या परीक्षेला बसण्यासारखं वाटेल. पण नियमात बसत होतं आणि महासंघाला ती हवी होती.

कोलंबिया पहिला सामना स्पेनकडून १-० ने हरली. पुढे चीन आणि मेक्सिकोला हरवून बाद फेरीत गेली, फातोर्ड्याला टांझानियाचा ३-० ने फडशा पाडला, आणि दिवाळीच्या दिवसांत तिथेच नायजेरियाला पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ ने मागे टाकलं. फिफाच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोलंबियाचा संघ पोचण्याची ती पहिलीच वेळ. पुरुष धरून, सगळे वयोगट धरून. वाल्देर्रामाच्या सोनेरी केसांचा, हामेस रोद्रिगेसच्या गोलांचा हा देश, आणि त्याची पहिली फायनल घडली नेरूळला, सतरा वर्षांच्या मुलींमुळे. ३० ऑक्टोबरच्या त्या सामन्यात पुन्हा स्पेनच समोर होतं. शेवटच्या दहाएक मिनिटांत कोलंबियाच्याच खेळाडूकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० ने जिंकलं. लिंडाचे स्पर्धेत चार गोल झाले.

आपल्या मुली त्या स्पर्धेत भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ हरल्या. या आकड्यांवर तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. पण आपल्या मुली पुढे का पोचल्या नाहीत हे विचारताना, लिंडाच्या वयाच्या मुलीला २०१९ मध्ये महाराष्ट्रात किंवा मणिपुरात वर्षभरात किती स्पर्धात्मक सामने मिळत होते, हेही विचारायला हवं. होशियारपूरच्या मनीषा कल्याणने २०२२ मध्येच सायप्रसच्या आपोलोन क्लबाकडून चॅम्पियन्स लीगमध्ये खेळून दाखवलं. ती तिथे जाणारी पहिली भारतीय. तीही आघाडीचीच खेळाडू, पण तिथवर पोचेपर्यंत तिला विसावं लागून गेलं होतं.

लिंडा मैदानावर नेमकं करते काय? ती डाव्या बाजूला खेळते, आणि तिचा मुख्य पाय उजवा. पूर्वी डाव्या कडेला डावखुरा खेळाडू ठेवत, म्हणजे तो रेषेजवळून धावत जाऊन चेंडू मध्ये टाकेल. उजव्या पायाची खेळाडू डावीकडे ठेवली की ती बाहेर न पळता आत वळते, आणि वळताच गोल तिच्या चांगल्या पायासमोर येतो. बचाव करणारीला हे ठाऊक असतं, म्हणून ती आतली वाट अडवते. लिंडाची पंचाईत ही, म्हणजे समोरच्यांची, की तिचा डावा पायही बऱ्यापैकी चालतो. आतली वाट अडवली तर ती बाहेरून जाते.

३० जुलै २०२३, सिडनी. मुख्य विश्वचषकात कोलंबियासमोर जर्मनी. ५२ व्या मिनिटाला गोलसमोरच्या चौकटीत डाव्या बाजूला चेंडू लिंडाकडे येतो. समोर दोन जर्मन. ती थांबते. पूर्ण थांबते, आणि हीच खरी चलाखी, कारण धावणाऱ्याच्या मागे धावता येतं. थांबलेल्याच्या पुढ्यात आपणही थांबतो आणि वजन टाचांवर जातं. तेवढ्यात ती चेंडू आडवा ओढून दोघींच्या मधल्या फटीतून स्वतः निघते. दोघीही वळेपर्यंत चेंडू तिच्या उजव्या पायाखाली आलेला असतो आणि ती तो वळवून दूरच्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला भिरकावते. गोलरक्षक झेपावते, पण पोचत नाही. या सगळ्याला लागले असतील तीन सेकंद. आपल्याकडे कबड्डीत चढाई करणारा दोन बचावपटूंच्या मधून हुलकावणी देऊन निसटतो, तेव्हा पायांचं जे होतं, ते इथे बघायला मिळतं. चित्रफीत हळू करून बघितली तर तिचे पाय नव्हे, त्या दोघींचे पाय बघावेत.

अलेक्झांड्रा पोपने शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि इंज्युरी टाइममध्ये मानुएला वानेगासने डोक्याने गोल करून सामना २-१ केला. विश्वचषकाच्या गटसाखळीत जर्मनीचा १९९५ नंतरचा तो पहिला पराभव. जर्मनी पुढे गटातूनच बाहेर पडली.

पण त्या गोलाच्या तीन दिवस आधीची गोष्ट सांगायला हवी. २७ जुलैला सरावात लिंडा धावता धावता मंदावली, छातीवर हात ठेवला आणि गवतावर आडवी झाली. सहकारी धावत आल्या. थकवा आणि ताण, गंभीर काही नाही, असं संघाकडून सांगण्यात आलं. गंभीर नसेलही. पण कर्करोगातून उठलेल्या मुलीने बारा महिन्यांत तीन विश्वचषक खेळायचे, वीसखालचा, सतराखालचा आणि मोठ्यांचा, तिन्हींत गोल करायचे, आधी एक कोपा आमेरिका खेळायची, मध्येच देश आणि क्लब बदलायचा, आणि मग ती आडवी झाली की आपण 'थकवा' या शब्दावर समाधान मानायचं, हे मला पटत नाही. शरीर एकच असतं. वयोगट तीन असले तरी.

त्याच विश्वचषकात कोलंबियाचा पहिला सामना दक्षिण कोरियाशी झाला होता. लिंडाने आपला या पातळीवरचा पहिला गोल त्यात केला. बाहेरून मारलेला फटका गोलरक्षकाच्या हातांतून निसटून आत गेला. त्या सामन्यात कोरियाकडून बदली खेळाडू म्हणून केसी फेअर उतरली. वय सोळा वर्षं सव्वीस दिवस, विश्वचषकाच्या इतिहासात सर्वात लहान. एका क्षणी मैदानावर अठराची लिंडा अनुभवी दिसत होती.

कोलंबिया उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून २-१ हरली. तिथवर पोचलेल्या प्रत्येक खेळाडूला फिफाने ठरवून दिलेला वाटा होता ९०,००० डॉलर. चार वर्षांपूर्वी विमानभाड्याबद्दल चित्रफीत काढावी लागलेल्या संघाला. बदल होतो तो असाही होतो. मात्र एक गोष्ट बदललेली नाही. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये खेळाडूला बारा ते एकवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना, तो परदेशी व्यावसायिक झाला की, भरपाई मिळते. स्त्रियांच्या फुटबॉलला हा नियम फिफाने लागू केलेला नाही. पैसा कमी असलेल्या बाजारात असं ओझं टाकलं तर मुलींच्या बदल्याच थांबतील, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नसेल, पण त्याचा अर्थ असा, की उसाच्या मुलखात कुणी दहा मुली घडवल्या आणि त्यांतली एक माद्रिदला गेली, तर घडवणाऱ्याच्या वाट्याला या नियमाने काही येत नाही. मधल्या पायऱ्या बांधायला मग पुढे कोण येणार?

माद्रिदमध्ये काय मिळालं? रेआलचा स्त्रियांचा संघ २०२० मध्ये आला, आधीपासूनचा एक क्लब सामावून घेऊन. बार्सिलोनाच्या सावलीत तो राहिला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत मोठा चषक एकही नव्हता. लिंडाला झळाळी मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर, तिच्या गोलाने आर्सेनलविरुद्ध आघाडी मिळाली आणि सामना २-० ने जिंकला. लंडनला परतीच्या सामन्यात मात्र ३-० असा मार बसला, आणि त्या वर्षीचा चषक अखेर आर्सेनलनेच नेला. आर्सेनलशी झालेल्या या दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत रेआलने बार्सिलोनाला ३-१ असं हरवलं. स्त्रियांच्या संघांच्या सामन्यांत हे पहिल्यांदाच घडलं.

राष्ट्रीय संघात चटका लावणाऱ्या हारींची मालिका चालूच राहिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विश्वविजेत्या स्पेनविरुद्ध २-० ची आघाडी, इंज्युरी टाइममधल्या गोलाने बरोबरी, आणि पेनल्टीत पराभव. मग २ ऑगस्ट २०२५, कीटो, पुन्हा कोपा आमेरिकाची फायनल आणि पुन्हा ब्राझील. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटरवरच्या त्या शहरात, जिथे जिना चढतानाही धाप लागते, दोन्ही संघ एकशेवीस मिनिटं धावले. पहिला गोल लिंडाचा, २५ व्या मिनिटाला. कोलंबिया तीनदा पुढे गेली, ब्राझीलने तीनदा गाठलं. त्यातली तिसरी बरोबरी इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला मार्ताने केली. मार्ता एकोणचाळीस वर्षांची, बदली म्हणून उतरलेली. लिंडा जन्मली त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी ती पहिला विश्वचषक खेळून बसली होती. जादा वेळेत मार्ताने आणखी एक केला, लेईसी सांतोसने फ्रीकिकवर ४-४ केलं, आणि पेनल्टीत ब्राझील ५-४ ने जिंकलं.

नेरूळ धरून लिंडाने हरलेली ही तिसरी मोठी फायनल. त्या दिवशी तिचं वय होतं वीस वर्षं, पाच महिने आणि अकरा दिवस.